लंबगोल चेंडूचं जर्मनी

शुक्रवार, हॅनोव्हर

हॅनोव्हर म्हटलं की भोसरी-चाकणच्या कारखानदाराला एकच गोष्ट आठवते: मेसे, म्हणजे इथलं औद्योगिक प्रदर्शन. एप्रिल आला की आमच्यातली बरीच मंडळी इकडे उतरतात. दिवसभर त्या अवाढव्य हॉलांमधून पाय तुटेपर्यंत फिरायचं, व्हिजिटिंग कार्डांचे गठ्ठे जमवायचे, रात्री कुठेतरी डाळ-भात शोधायचा आणि प्रदर्शन संपलं की विमान गाठायचं. शहर बघायचं राहूनच जातं. या खेपेला भाच्याने अडवलं. तो इथे मेकॅनिकलचं मास्टर्स करतोय आणि अभ्यासाच्या जोडीला रग्बीचं खूळ लागलंय. "मामा, परतीचं तिकीट पुढे ढकल. कुठल्याच स्टॉलवर मिळणार नाही असं काहीतरी दाखवतो," म्हणाला.

रग्बी म्हणजे माझ्या लेखी बॉम्बे जिमखान्यावर पावसाळ्यात चिखलात लोळणारी मंडळी. जर्मनीत हा खेळ खेळतात हेच मुळात नवीन होतं. बरं, खेळतात म्हणजे कधीपासून? तर १८७८ पासून.

संध्याकाळी मेसेतून सुटलो आणि मुख्य स्टेशनासमोर भेटलो. तिथे राजा एर्न्स्ट आउगुस्टचा घोड्यावरचा पुतळा आहे. हॅनोव्हरची माणसं भेटायची जागा सांगताना 'शेपटीखाली' म्हणतात, म्हणजे या घोड्याच्या. आम्हीही शेपटीखालीच भेटलो. या राजाचा आणि आमच्या विषयाचा संबंध आहे. १७१४ मध्ये हॅनोव्हरचा राज्यकर्ता गेओर्ग लुडविग इंग्लंडच्या गादीवर पहिला जॉर्ज म्हणून बसला आणि पुढची १२३ वर्षं दोन्ही मुलखांचा राजा एकच राहिला. १८३७ मध्ये व्हिक्टोरिया राणी झाली. हॅनोव्हरच्या कायद्यात बाईला गादी नव्हती, म्हणून तिचा काका, म्हणजे हा घोड्यावरचा गृहस्थ, इथला राजा झाला. सिंहासनं वेगळी झाली तरी येणं-जाणं थांबलं नाही. इंग्रज पोरं या शहरात शिकायला असायची, आणि इंग्रज पोरं जिथे जातील तिथे चेंडू आलाच.

अंधार पडायच्या आत नव्या राटहाउसमध्ये शिरलो. १९१३ मध्ये पुरी झालेली ही नगरपालिकेची इमारत राजवाड्याला लाजवेल अशी आहे. जमीन दलदलीची, म्हणून खाली बीच लाकडाचे ६,०२६ खांब ठोकलेत. घुमटावर नेणारी लिफ्ट तिरकी चढते. घुमटाच्या बाकाबरोबर तीही कलते. आमच्या धंद्यातल्या माणसाने तेवढ्यासाठी तिकीट काढावं. पण मी जास्त वेळ थांबलो तो खालच्या दालनात. तिथे शहराच्या चार प्रतिकृती मांडल्यात: १६८९, १९३९, १९४५ आणि आजची. १९३९ च्या काचेपाशी गल्ल्या, छपरं, चर्चचे मनोरे दाटीवाटीने उभे. पुढच्या काचेत तेच शहर, पण छपरंच नाहीत. नुसत्या भिंतींच्या चौकटी.

शनिवार, हॅनोव्हर

सकाळी माशझेच्या काठाने चालत निघालो. हे तळं १९३४ ते १९३६ या काळात माणसं लावून खोदलं. बेकारांना काम मिळावं म्हणून. तेव्हाच्या सरकारने त्याची जाहिरातही भरपूर केली. आता तिथे बदकं, शिडाच्या होड्या आणि पळणारी माणसं. पश्चिमेच्या बाजूला हॅनोव्हर ९६ चं मोठं फुटबॉल स्टेडियम आहे आणि जवळच एक साधा रस्ता: फर्डिनांड-विल्हेल्म-फ्रिके-वेग. भाच्याने पाटीखाली उभं करून माझा फोटो काढला.

हा फ्रिके म्हणजे कोणी सेनापती नव्हे. पंधरा वर्षांचा शाळकरी पोरगा. शहरातल्या इंग्रज मुलांचा खेळ पाहून त्याने १४ सप्टेंबर १८७८ रोजी इथे क्लब काढला. नाव ठेवलं 'डॉइचर फुसबाल-फेराइन १८७८'. आज तो डीएसव्ही ७८ म्हणून ओळखला जातो आणि जर्मनीतला सर्वात जुना रग्बी क्लब आहे. नावात फुटबॉल असला तरी खेळायचे ते हातात चेंडू घेऊन पळायचा खेळ. दोन वर्षांनी फ्रँकफर्टला क्लब निघाला, पण एरवी जवळपास खेळायला होतं कोण? सुरुवातीची वर्षं आपसातच दोन बाजू पाडायच्या आणि भिडायचं, असंच चाललं.

त्याच १८७८ सालची आपल्याकडची गोष्ट मला मजेची वाटते. कलकत्त्यातल्या इंग्रजांचा रग्बी क्लब तेव्हा बंद पडला होता. बँकेतले पैसे त्यांनी चांदीच्या रुपयांत काढले, ते वितळवून चषक केला आणि लंडनला इंग्लंडच्या रग्बी संघटनेकडे पाठवून दिला. इंग्लंड-स्कॉटलंड अजून त्याच कलकत्ता कपसाठी खेळतात. इकडे साहेबाचा क्लब मोडून रुपये वितळत होते आणि तिकडे एक जर्मन पोरगा वर्गणी गोळा करत होता.

शेजारच्या स्टेडियमवाल्यांचीही गंमत ऐका. हॅनोव्हर ९६ हा क्लब १८९६ मध्ये निघाला तो मैदानी खेळ आणि रग्बीसाठी. गोल चेंडूकडे वळले ते १८९९ च्या सुमारास. म्हणजे या शहरात आधी लंबगोल चेंडू आला आणि मग गोल. पहिली जर्मन रग्बी चॅम्पियनशिपही हॅनोव्हरनेच नेली. १९०९ मध्ये स्टुटगार्टला झालेल्या अंतिम सामन्यात एफव्ही १८९७ हॅनोव्हरने एफव्ही स्टुटगार्ट ९३ ला ६–३ ने हरवलं. तो हरलेला क्लब पुढे दुसऱ्या एका क्लबात विलीन झाला आणि त्याचा व्हीएफबी स्टुटगार्ट झाला, जो आज बुंडेसलिगात फुटबॉल खेळतो.

दुपारी सामना. शहरात इतके रग्बी क्लब आहेत की शनिवारी कुठे ना कुठे सामना असतोच. आम्ही गेलो ते मैदान ट्राम थांब्यापासून थोडं आत, एका बाजूला लोकांच्या भाजीच्या वाफ्यांची कुंपणं. स्टँड वगैरे काही नाही. दोरी ताणलेली, तिला टेकून प्रेक्षक. खिडकीतून एक आजीबाई ब्राटवुर्स्ट विकत होत्या आणि बिअरच्या ग्लासावर डिपॉझिट घेत होत्या. शाकाहारी म्हटल्यावर त्यांनी बटाट्याचं सॅलड पुढे केलं. त्यातही खारवलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे निघाले. मग नुसता पाव खाल्ला.

खेळ समजायला भाचा बरोबर असणं बरं. चेंडू हाताने पुढे टाकायचा नाही, मागेच द्यायचा. पुढे जायचं तर स्वतः धावायचं नाहीतर लाथ मारायची. अडवणारा कमरेला मिठी मारून खाली पाडतो, आणि पाडल्याबरोबर चेंडू सोडावा लागतो. आपल्या कबड्डीत पकड झाली की खेळ तिथे थांबतो. इथे पकड झाली की खरा खेळ सुरू होतो. पडलेल्यावर दोन्हीकडची माणसं वाकून रेटारेटी करतात आणि मधूनच एक बुटका पोरगा चेंडू उपसून मागे फेकतो.

आठ-आठ जणांच्या त्या घट्ट जुंपणीला इथे गेद्रेंगं म्हणतात. दोरीपासून हाताच्या अंतरावर एक झाली तेव्हा बघितलं. पहिल्या ओळीतल्या जाड्या गड्याने कानांभोवती काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. खांद्याला खांदा भिडला तेव्हा आवाज आला तो आरोळीचा नव्हे, श्वास एकदम बाहेर पडल्याचा. मग काही क्षण काहीच हललं नाही. सोळा माणसं जिवाच्या कराराने ढकलतायत आणि सगळा डोंगर जागच्या जागी. फक्त बुटांचे खिळे गवतात रुतत गेले आणि गवताची सालटं निघाली. आमच्या वर्कशॉपमधली हायड्रॉलिक प्रेस आठवली असती, पण प्रेसला घाम येत नाही.

सामना संपल्यावर जिंकलेल्यांनी दोन रांगा केल्या, हरलेले टाळ्यांमधून आत गेले, मग हरलेल्यांनी तसंच केलं. त्यानंतर सगळे एकाच टेबलावर. याला तिसरा हाफ म्हणतात आणि तो नेहमीच जास्त वेळ चालतो. कोण कुठल्या गल्लीतला, कोणाचा बाप कुठल्या क्लबकडून खेळला हे सगळ्यांना पाठ. लिंडन, रिकलिंगन, ड्योरेन ही इथली उपनगरं आणि तीच क्लबांची नावं. मोठ्या जर्मनीला ठाऊक नसलेला खेळ हॅनोव्हरच्या या मोहल्ल्यांत घरचा आहे. फ्रिकेच्या क्लबवर मात्र शेजारच्या ०८ रिकलिंगनबरोबर संयुक्त संघ उतरवायची वेळ आली. सर्वात जुनं असणं म्हणजे सर्वात बलवान असणं नव्हे.

रविवार, ब्राउनश्वाइग

जर्मनीत रविवारी दुकानं बंद, म्हणून पाऊण तासावरच्या ब्राउनश्वाइगला गेलो. किल्ल्याच्या चौकातला ब्राँझचा सिंह पाहिला, कॉफी घेतली. मुख्य काम कोनराड कोख या मास्तरांचं गाव बघायचं. कोख आणि त्यांचे सहकारी, व्यायामशिक्षक आउगुस्ट हेरमान, यांनी १८७४ मध्ये मार्टिनो-काथारिनेउम शाळेच्या पोरांपुढे इंग्लंडहून मागवलेला चेंडू टाकला. पुढच्या वर्षी कोख यांनी नियम छापले. जर्मन फुटबॉलचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतात, पण त्या पहिल्या नियमांतला खेळ आजच्या फुटबॉलपेक्षा रग्बीच्या जवळचा. चेंडूला हात लावायला परवानगी होती.

या मास्तरांचं मला कौतुक वाटलं ते यासाठी, की वारा उलटा होता. जर्मनीत व्यायाम म्हणजे टुर्नेन: रांगेत उभं राहायचं, हुकमावर हात-पाय हलवायचे, बारवर कसरत करायची. मोकाट धावणाऱ्या पोरांची त्या पंथाला चीड. १८९८ मध्ये स्टुटगार्टच्या एका शिक्षकाने चक्क पुस्तिका काढून या खेळाला 'इंग्रजी रोग' ठरवलं. म्हणजे फ्रिकेच्या पोरांना मैदानावरचे प्रतिस्पर्धी कमी होते, पण मैदानाबाहेरचे पुष्कळ.

सोमवार, फ्रँकफर्ट

सकाळच्या गाडीने फ्रँकफर्ट. डोर्नबुश भागात यू-बानमधून, म्हणजे मेट्रोतून, उतरलं की थोडं चालून एससी फ्रँकफर्ट १८८० चा परिसर. शांत वस्ती, हिरवीगार झाडं. याच भागात अ‍ॅन फ्रँकचं लहानपण गेलं. क्लबात हॉकी, टेनिसही आहे. सोमवारची सकाळ, त्यामुळे माळ्याशिवाय कोणी नव्हतं. कुंपणाबाहेरून मैदान बघितलं आणि भाच्याला म्हटलं, आता कथा सांग.

१९०० साली पॅरिसमध्ये ऑलिंपिक भरलं. ते तेव्हा जागतिक प्रदर्शनाला लावलेलं शेपूट होतं. कितीतरी खेळाडूंना आपण ऑलिंपिकमध्ये खेळलो याचा पत्ता नव्हता म्हणतात. रग्बीला तीन संघ: फ्रान्स, ब्रिटन, जर्मनी. जर्मनीचा संघ म्हणजे हा फ्रँकफर्टचा क्लब. १४ ऑक्टोबरला व्हँसेनच्या सायकल स्टेडियममध्ये ते फ्रान्सशी भिडले आणि १७–२७ ने हरले. फ्रान्सकडून हैतीत जन्मलेला काँस्तांताँ आंरिकेझ खेळला. ऑलिंपिक सुवर्ण मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू मानला जातो. ब्रिटनतर्फे आलेल्या मोझली वाँडरर्सचा दोन आठवड्यांनी फ्रान्सने फडशा पाडला. ते लोक घरचे सामने खेळून रातोरात प्रवास करून आले होते आणि तसेच परत गेले. जर्मनी-ब्रिटन सामना झालाच नाही, दोघांना रौप्य. एक सामना, एक पराभव आणि ऑलिंपिकचं रौप्यपदक! आपल्या हॉकीवाल्यांनी हे ऐकलं तर काय म्हणतील?

त्याच १९०० मध्ये जर्मनीची राष्ट्रीय रग्बी संघटना उभी राहिली. त्याच वर्षी लाइपझिगला फुटबॉलवाल्यांनीही आपली संघटना काढली होती. इथून दोन वाटा. फुटबॉलला दोन दगड ठेवून गोल करता येतो, रस्त्यावर खेळता येतं. रग्बीला गवत लागतं, तीस माणसं लागतात, आणि पडायची तयारी लागते. बाकी इतिहास लिहिणारे काहीही कारणं देवोत, मला हेच पटतं.

तरी दोन महायुद्धांच्या मधल्या काळात जर्मनी युरोप खंडात फ्रान्सच्या खालोखाल होती. १९२७ च्या एप्रिलमध्ये पॅरिसजवळ जर्मनीचा पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना फ्रान्सने ३०–५ ने जिंकला. महिन्याभरात, १५ मे रोजी, फ्रँकफर्टमध्ये जर्मनीने फ्रान्सला १७–१६ असं हरवलं. पुढे १९३१ मध्ये खेळाडूंना चोरून पैसे देण्यावरून आणि मैदानातल्या मारामाऱ्यांवरून ब्रिटिशांनी फ्रान्सला 'फाइव्ह नेशन्स' स्पर्धेतून काढलं, आणि बहिष्कृत फ्रेंचांना जर्मनी, इटली, रुमानिया हे सोबती लागले. त्यातून १९३४ मध्ये फिरा ही आंतरराष्ट्रीय संघटना जन्मली. १९३८ मध्ये, पुन्हा फ्रँकफर्टलाच, जर्मनीने फ्रान्सवर ३–० ने मात केली.

पण तोवर क्लबांमधले ज्यू सभासद हाकलले गेले होते. १९४० मध्ये युद्धकाळातला शेवटचा सामना झाला. त्या पिढीतले कितीतरी खेळाडू युद्धावरून परतलेच नाहीत. फुटबॉलला नवी पोरं मिळायला वेळ लागला नाही, घराघरात होती. रग्बीची पोरं दोन-तीन शहरांतली, ती गेली की गेली. हॅनोव्हरच्या राटहाउसमधली ती तिसरी, १९४५ ची काच मला इथे डोर्नबुशमध्ये नीट समजली.

जेवायला 'ग्रीन सॉस' घेतला. सात हिरव्या पाल्यांचा थंड सॉस, उकडलेले बटाटे आणि अंडी. याचा मोसम वसंतात सुरू होतो. शाकाहारी माणसाला या प्रांतात मिळालेलं पहिलं समाधान.

मंगळवार, हायडेलबर्ग

फ्रँकफर्टहून तासाभरात हायडेलबर्ग. डोंगर, नदी, मोडका किल्ला, जुना दगडी पूल. पर्यटकांची झुंबड दक्षिण तीरावर. आमचं काम उत्तरेच्या नॉयेनहाइममध्ये. इकडे आलेल्या मराठी माणसाने एक नाव आठवावं. खंडोबा, बिरोबा आणि धनगरांची दैवतं यांचा आयुष्यभर अभ्यास करणारे गुंथर सोनथायमर याच विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेत होते. जेजुरीचा भंडारा इथल्या नेकार नदीच्या काठापर्यंत पोचला तो त्यांच्यामुळे. नदीकाठच्या एका रस्त्याला कवी इक्बालांचंही नाव आहे. १९०७ मध्ये ते इथे जर्मन शिकत होते.

एकोणिसाव्या शतकात नॉयेनहाइममध्ये इंग्रज मुलांच्या निवासी शाळा होत्या. पुन्हा तीच कथा: इंग्रज पोरं, चेंडू, बघ्यांची गर्दी. फरक एवढाच, की इथे खेळ उचलला तो होड्या वल्हवणाऱ्यांनी. १८७२ मध्ये स्थापन झालेल्या रुडरक्लबने १८९१ मध्ये रग्बीचा विभाग काढला, त्यामागे शाळेतले शिक्षक एडवर्ड हिल उलरिख. कारण अगदी व्यवहारी. थंडीत नेकारवर वल्ही मारता येत नाहीत, मग अंगातली रग जिरवायची कुठे? चांगल्या वल्हेकऱ्याची पाठ आणि मांड्या गेद्रेंगंसाठी तयारच असतात. १८९८ मध्ये दुसरा वल्हेकऱ्यांचा क्लब निघाला, त्यानेही रग्बी घेतली. १९०२ मध्ये एससी नॉयेनहाइम आला आणि दहा वर्षांत, १९१२ मध्ये, जर्मनीचा विजेता झाला. एका छोट्या विद्यापीठी गावात इतके क्लब, आणि एकमेकांशी हाडवैर. एकाने काढला म्हणून दुसऱ्याने काढला, हा प्रकार आपल्या गणेश मंडळांना वेगळा समजावून सांगायला नको.

दुपारी नदीकाठच्या हिरवळीवर बसून भाच्याने अलीकडचं महाभारत सांगितलं. हान्स-पेटर विल्ड हे इथल्याच पंचक्रोशीतले उद्योगपती, फळांच्या रसाच्या त्या चंदेरी पिशव्यांचे, कॅप्रि-सनचे मालक. त्यांनी २००७ मध्ये अकादमी काढली, पैसा ओतला. परिणाम दिसला. रुडरक्लबचा संघ, म्हणजे हायडेलबर्गर आरके, २०१० ते २०१५ सलग विजेता. पुन्हा २०१७ आणि २०१८ मध्ये. राष्ट्रीय संघही वर आला. २०१७ च्या फेब्रुवारीत त्याने रुमानियाला ४१–३८ ने हरवलं, ही केवढी मोठी बातमी होती ते रग्बीवाल्यांनाच कळेल.

मग भांडणं. त्याच वर्षी विल्ड यांनी पॅरिसचा स्टाड फ्रांसे क्लब विकत घेतला, इकडे राष्ट्रीय संघटनेशी बिनसलं, आणि नोव्हेंबरमध्ये मुख्य खेळाडूंनी चिलीविरुद्ध उतरायलाच नकार दिला. दुसऱ्या फळीचा संघ खेळवावा लागला आणि तो हरला. २०१८ मध्ये हायडेलबर्गने युरोपच्या चॅलेंज कपमध्ये जागा मिळवली, जर्मन क्लबसाठी केवढी मजल! पण एकाच माणसाचा पैसा दोन क्लबांत कसा चालेल म्हणून आयोजकांनी त्यांना बाद केलं आणि जागा रुमानियाच्या तिमिशोआरा संघाला दिली. नियम बरोबर होता, यात मला शंका नाही. पण जागा मैदानावर कमावलेल्या त्या पंधरा पोरांचा काय दोष, असं विचारावंसं वाटतंच. त्याच वर्षाअखेर मार्सेयला विश्वचषकाच्या शेवटच्या जागेसाठी चार संघ खेळले: कॅनडा, जर्मनी, केनिया, हाँगकाँग. जर्मनीने दोघांना हरवलं, कॅनडाशी हरली, आणि विश्वचषकासाठी जपानला गेला तो कॅनडा.

"एका माणसाच्या खिशावर चाललेलं दुकान त्याचा खिसा बंद झाला की बंद," मी धंदेवाल्याच्या तोऱ्यात बोलून गेलो.

"मामा, दुकान बंद झालेलं नाही. २०१९ ला फ्रँकफर्ट १८८० चॅम्पियन झाला, तू काल बघितलास तो. आणि शनिवारी ज्यांनी तुला पाव दिला त्या आजींना कोण पगार देतं?"

कोणी देत नसावं. डिपॉझिटची नाणी मोजून परत करताना त्यांनी मला क्लबच्या पोरांच्या दौऱ्यासाठी पेटी दाखवली होती, आणि मीही त्यात पाच युरो टाकले होते. संध्याकाळी स्टेशनवर निरोप घेताना भाच्याने आठवण केली: पुढच्या मेसेला येताना दातांचा गार्ड घेऊन ये, पुण्यात स्वस्त मिळतो, संघाला दहा-बारा तरी लागतील. मापं व्हॉट्सअ‍ॅप करतो म्हणाला.